स्पेशल शाळा, शॅडो टीचर की आहे तेच? चौथीतल्या मुलाच्या आईला उत्तर

पत्र: ताई, माझा मुलगा साडेनऊ वर्षांचा, चौथीत आहे, इंग्लिश मीडियम. तोंडी काहीही विचारा, धडाधड सांगतो. ग्रहण कसं लागतं ते धाकट्या बहिणीला चेंडू घेऊन समजावतो. पण पेपरात शंभरपैकी तीस-पस्तीस. वाचायला बसवलं की पोटात दुखतं, शू लागते, पाणी हवं असतं. गेल्या महिन्यात असेसमेंट केलं, रिपोर्टमध्ये डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) आणि थोडा डिसग्राफिया (हाताने लिहिण्यातली अडचण) लिहिलंय, बुद्ध्यांक सरासरीपेक्षा जरा वरच आहे. शाळेत रिपोर्ट दिला तर मॅडम म्हणाल्या, एकतर स्पेशल शाळा बघा नाहीतर तुमच्या खर्चाने शॅडो टीचर ठेवा. दुसरी एक मोठी शाळा म्हणते आम्ही फुल्ली इन्क्लुझिव्ह आहोत, म्हणजे सगळ्या मुलांना एकत्रच शिकवतो, पण फी खूप आहे. सासूबाई म्हणतात याच वर्गात परत बसव, पाया पक्का होईल. मिस्टर म्हणतात मी पण असाच होतो, मोठा झाला की होईल नीट. आणि एका सेंटरने रंगीत काचांचा चष्मा आणि डोळ्यांचे व्यायाम असं सहा महिन्यांचं पॅकेज सांगितलंय, पुढच्या आठवड्यात ॲडव्हान्स भरायचाय. रात्र रात्र झोप लागत नाही. काय निवडू? आणि त्याला हे सगळं सांगू की नको?

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतके पर्याय तुमच्यासमोर ठेवलेत सगळ्यांनी, आणि त्यातल्या एकानेही हे सांगितलेलं नाही की मुलाला वाचायला कोण शिकवणार, कसं शिकवणार आणि आठवड्यातून किती वेळा. स्पेशल शाळा ही एक जागा झाली, शॅडो टीचर ही शेजारी बसणारी एक व्यक्ती झाली, इन्क्लुझिव्ह हा बोर्डावरचा शब्द झाला, पण तुमच्या मुलाची अडचण आहे वाचनाची, आणि ती वाचन शिकवल्यानेच कमी होणार आहे. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच की शाळेचं नाव बाजूला ठेवा आणि प्रत्येकाला एकच विचारा, याला रोज काय शिकवणार, कोण शिकवणार आणि तो शिकतोय हे तुम्हाला कशावरून कळणार. ज्याला याचं उत्तर देता येत नाही तो पर्याय कितीही चकचकीत असला तरी आपला नाही.

आधी डिस्लेक्सिया म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण ते नीट कळलं की निम्मे निर्णय आपोआप सुटतात. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या एका इंग्लिश डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका मुलाबद्दल ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं. मुलगा हुशार, खेळात तरबेज, नजर उत्तम, पण वर्षानुवर्षं शिकवूनही साधे शब्द वाचता येईनात. त्याच्या मास्तरांचं म्हणणं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात चमकदार मुलगा ठरला असता. तुमच्या चेंडूवाल्या ग्रहणाचं वाचलं आणि मला तोच मुलगा आठवला. म्हणजे हे काही आजच्या मोबाईलमुळे आलेलं नाही, तुमच्या संस्कारात काही कमी पडलेलं नाही आणि तो आळशी तर मुळीच नाही.

बोलणं मूल आपोआप शिकतं, वाचणं शिकवावं लागतं, आणि काही मुलांना ते खूप जास्त नीट, पायरी पायरीने शिकवावं लागतं. बहुतेक डिस्लेक्सियात मूळ अडचण असते शब्दातले आवाज सुटे करण्यात. 'क्लॅप'मधला 'ल' काढला तर काय राहील? 'कॅप' असं तुम्ही-आम्ही पटकन म्हणतो. या मुलांना तिथेच अडखळायला होतं. आवाज सुटे करता येत नाहीत म्हणून अक्षर आणि आवाज यांची जोडी पक्की बसत नाही, आणि जोडी बसत नाही म्हणून प्रत्येक शब्द दरवेळी नवीनच वाटतो.

आज संध्याकाळी एक करून बघा. त्याच्या शेजारी बसा, समोर नको, आणि त्याच्या पुस्तकातला एक परिच्छेद त्याला वाचू द्या, चुका सुधारू नका, फक्त दुसऱ्या कागदावर टिपून ठेवा. बहुतेक दिसेल ते असं की शब्दाचं पहिलं अक्षर बघतो आणि पुढचं ठोकून देतो, 'हाऊस'चं 'हॉर्स' होतं, बाजूला घोड्याचं चित्र असेल तर हमखास होतं. 'ऑफ', 'फ्रॉम', 'फॉर' हे छोटे शब्द एकमेकांच्या जागी जातात. ओळ सुटते, बोट ठेवलं की सापडते. मराठी वाचताना सुटी अक्षरं बरी जातील पण जोडाक्षर आलं की गाडी थांबेल, आणि लिहिताना वेलांट्या आणि उकार इकडेतिकडे. मराठीत अक्षर बघितलं की उच्चार बराचसा ठरलेला असतो, इंग्रजीत 'पुट' आणि 'बट'चं स्पेलिंग सारखं आणि उच्चार वेगळा, त्यामुळे इंग्रजीत जास्त मार खाणं साहजिक आहे. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही, त्यामुळे कोणी म्हणालं की घरी मराठी बोलणं बंद करा तर अजिबात ऐकू नका. घरची भाषा हीच तर त्याची ताकद आहे, ग्रहण तो त्याच भाषेत समजावतो ना?

हा कागद जपून ठेवा, वर तारीख लिहा, आणि एका मिनिटात बरोबर शब्द किती वाचले तो आकडा लिहा. पुढे दर पंधरा दिवसांनी तेवढ्याच अवघड उताऱ्यावर हेच करा. कुठलाही प्रोग्राम कामाचा आहे की नाही हे तुम्हाला माहितीपत्रकापेक्षा हा कागद जास्त खरं सांगेल. मात्र याची परीक्षा करू नका, एक मिनिट झालं की पुस्तक बंद आणि विषयही बंद.

आता शिकवणं कसं हवं ते. आवाज, मग अक्षर-आवाज जोडी, मग छोटे शब्द, मग अवघड, असं ठरलेल्या क्रमाने, आधीचं पक्कं झाल्याशिवाय पुढे न जाता, वाचन आणि स्पेलिंग दोन्ही एकत्र, आणि मूल अडलं की अंदाज कर असं न सांगता शब्द फोडून वाचायला लावणारं. १९३० च्या दशकात अमेरिकेत डॉक्टर सॅम्युएल ऑर्टन आणि शिक्षिका ॲना गिलिंगहॅम यांनी अशा पद्धतीचा पाया घातला, आज तिच्यावरून निघालेले बरेच प्रोग्राम आहेत, आणि त्यांच्या नावावरून सेंटरवाले भांडत असतात, पण तुम्ही नावात अडकू नका. २००० साली अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने आधी झालेले ढीगभर अभ्यास तपासले तेव्हा निघालं तेही हेच, अक्षर आणि आवाज यांचं क्रमवार, उघड शिकवणं उपयोगी पडतं, वाचायला अडखळणाऱ्या मुलांनाही. म्हणून शिक्षकांना विचारा, 'तुम्ही पहिल्या महिन्यात नेमकं काय घ्याल?' ज्याला काम येतं तो लगेच सांगेल की आधी मी त्याला कुठपर्यंत येतंय ते तपासेन आणि मग अमुक इथून सुरू करेन. 'आम्ही मुलाचा कॉन्फिडन्स वाढवतो, ओव्हरऑल डेव्हलपमेंट करतो' एवढंच ऐकू आलं तर उठून या. कॉन्फिडन्स हवाच, पण या मुलांचा कॉन्फिडन्स वाचता यायला लागलं की येतो, नुसत्या टाळ्यांनी नाही.

आणि किती वेळा? आठवड्यातून एकदा तासभर, याने फारसं काही होत नाही. थोडा वेळ पण जवळजवळ रोज, एकटा किंवा दोन-तीन मुलांच्या गटात, निदान काही महिने सलग, असं हवं. अचूकता आधी सुधारते, वेग यायला बराच जास्त काळ लागतो, काहींचा वेग मोठेपणीही थोडा कमीच राहतो. हे आत्ताच माहीत असलेलं बरं, नाहीतर चार महिन्यांनी 'अजून हळूच वाचतो' म्हणून चांगलं चाललेलं बंद करणारे पालक मी खूप बघितलेत, आणि दरवेळी फार वाईट वाटतं.

आता एकेक पर्याय बघू.

शॅडो टीचरबद्दल स्पष्टच सांगते, तुमच्या मुलाला त्याची गरज आहे असं तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही. ज्या मुलाला वर्गात सुरक्षित राहायला, हालचालीला, संवाद साधायला किंवा स्वतःला शांत करायला सतत मदत लागते त्याच्यासाठी शेजारी माणूस असणं हे मोठं वरदान असतं. पण वाचनाच्या अडचणीत शेजारी बसलेली ताई बहुतेक वेळा काय करते, तर त्याचं वाचून दाखवते, फळ्यावरचं उतरवून देते, वही पूर्ण होते, सगळे खूश, आणि मुलाला वाचायला काही येत नाही. इंग्लंडमध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनच्या पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांमधल्या मदतनीसांवर मोठा अभ्यास केला होता, २००९ साली तो प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की ज्या मुलांना मदतनीसांची सोबत सगळ्यात जास्त मिळाली त्यांची प्रगती त्यांच्यासारख्याच इतर मुलांपेक्षा कमी झाली. मदतनीस वाईट होते म्हणून नव्हे. काम पूर्ण करून घेण्यावर भर राहिला आणि मूल मुख्य शिक्षकापासून लांब पडलं, हे त्यामागचं मोठं कारण. शिवाय चौथीतल्या मुलाशेजारी सतत मोठं माणूस बसलेलं असलं की मधल्या सुट्टीत त्याच्याकडे कोण येणार? तो पैसा तुम्ही ट्रेनिंग घेतलेल्या स्पेशल एज्युकेटरच्या आठवड्यातल्या चार सेशनना लावा, मुलाच्या हाती काही लागेल.

स्पेशल शाळा. या दोन शब्दांखाली खूप वेगवेगळ्या शाळा येतात हे आधी लक्षात घ्या. ज्या मुलांना एकूणच सगळं शिकणं जड जातं त्यांच्यासाठीच्या शाळा वेगळ्या, तिथे अभ्यासक्रम वेगळा असतो, जगण्यातली कौशल्यं शिकवतात, फार तळमळीने शिकवतात, पण तुमच्या मुलाची ती गरज नाही. सरासरीपेक्षा वर बुद्ध्यांक असलेल्या मुलाला तिथे बसवलं तर त्याचं डोकं उपाशी राहील. दुसऱ्या असतात फक्त लर्निंग डिसॲबिलिटीच्या, म्हणजे बुद्धी चांगली पण वाचन, लेखन किंवा गणित अडतं अशा मुलांसाठीच्या शाळा, तिथे वर्ग छोटे, नेहमीचाच अभ्यासक्रम, आणि रोज वाचनावर काम. अशी शाळा जवळ असेल आणि मूल आत्ताच्या शाळेत पार मिटून गेलं असेल तर एक-दोन वर्षांसाठी ती खरंच मोठी सुटका ठरते, इथे सगळे माझ्यासारखेच आहेत हे बघून काही मुलं पहिल्यांदा हात वर करायला लागतात. फक्त तिथे जाऊन एक नक्की विचारा, इथून किती मुलं परत नेहमीच्या शाळेत गेली आणि ती कधी, कशी गेली. परतीची वाट आहे की नाही ते या एका उत्तरात कळतं.

इन्क्लुझिव्ह. १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका इथे ९२ देशांच्या सरकारांनी मिळून ठरवलं की मुलांच्या गरजा वेगळ्या असल्या तरी त्यांना नेहमीच्या शाळेत जागा मिळायला हवी, आणि २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात चोविसावं कलम शिक्षणाचंच आहे, त्यात तर मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे वैयक्तिक आधार द्यावा असं साफ लिहिलंय. म्हणजे वर्गात बसू देणं आणि आधार देणं ही दोन्ही कामं शाळेची आहेत. 'आम्ही सगळ्यांना ॲडमिशन देतो' हे पहिलं झालं, दुसऱ्याचं काय? त्या मोठ्या शाळेत जाल तेव्हा ऑफिसमध्ये बसून प्रेझेंटेशन बघू नका, रिसोर्स रूम, म्हणजे अशा मुलांना वर्गाबाहेर काढून वेगळं शिकवायची खोली, चालू असताना दाखवा म्हणावं. तिथे भिंतीवर रंगीत चार्ट किती आहेत ते सोडा, मुलं किती बसलीयेत, शिक्षक एक आहे की दोन, मुलं खरंच वाचतायत का राहिलेला गृहपाठ पूर्ण करतायत ते बघा. रिसोर्स रूममध्ये फक्त राहिलेल्या वह्या पूर्ण होत असतील तर ती महागडी ट्यूशन झाली. आणि हे जरूर विचारा की मुलाला कुठल्या तासातून बाहेर काढणार. चित्रकला, खेळ, विज्ञानाचं प्रॅक्टिकल, म्हणजे तो जिथे चमकतो नेमके तेच तास काढून घेतले तर मूल त्या खोलीचा राग राग करतं, आणि ते चूक नाही.

वर्गशिक्षिकेलाही भेटा, प्रिन्सिपलपेक्षा तिला भेटणं जास्त महत्त्वाचं. दिवसातले पाच-सहा तास मूल तिच्यासमोर असणार आहे. एक साधा प्रश्न विचारा, 'याला मोठ्याने वाचायची पाळी आली तर तुम्ही काय कराल?' 'आदल्या दिवशी परिच्छेद सांगून ठेवेन, घरून तयारी करून येईल' किंवा 'त्याने हात वर केला तरच वाचायला सांगेन' असं म्हणणारी शिक्षिका मिळाली तर तिची शाळा जुनी असो, साधी असो, मी तिथे मूल ठेवेन.

सासूबाईंचं म्हणणं मायेपोटी आहे, पाया पक्का हवा हेही शंभर टक्के बरोबर आहे. पण तोच वर्ग, तीच पुस्तकं, तीच पद्धत परत एक वर्ष, म्हणजे ज्या पद्धतीने त्याला आलं नाही तेच पुन्हा. मित्र पाचवीत जाणार, हा मागे, आणि विज्ञान, गणितातलं जे त्याला येतं तेही परत ऐकायचं. त्याचा पाया तिसरी-चौथीच्या अभ्यासक्रमात कच्चा नाही, अक्षर-आवाजाच्या पायरीवर कच्चा आहे, आणि ती पायरी चौथीच्या वर्गात कोणी शिकवत नाही. सासूबाईंना असंच सांगा. आणि त्यांना एक काम द्या, रोज रात्री त्याला गोष्ट वाचून दाखवायची, त्याच्या वयाची, चांगली जाडजूड. स्वतः वाचता येत नाही म्हणून त्याचे शब्द आणि गोष्टी मागे पडायला नकोत, आणि हे काम आजीइतकं कोणी करणार नाही.

तुमच्या मिस्टरांच्या वाक्यावर मी थांबले. 'मी पण असाच होतो.' डिस्लेक्सिया घराण्यात चालतो, त्यामुळे असूही शकेल की ते खरोखरच असेच होते, आणि त्यांनी एकट्याने, काहीच मदत नसताना, मार खाऊन, बोलणी ऐकून वाट काढली. त्यांना भांडून पटवू नका. एकदा शांतपणे विचारा की शाळेत तुम्हाला वाचायला उभं केलं की कसं वाटायचं. उत्तर आलं तर ते मुलालाही ऐकू द्या, बाबालासुद्धा हे जमायचं नाही हे कळणं मुलासाठी फार मोठं असतं. पण 'मोठा झाला की होईल' यावर थांबू नका. चौथीपर्यंत मूल वाचायला शिकतं, त्यानंतर वाचून शिकावं लागतं, इतिहास-भूगोलाचे धडे लांबत जातात, गणितसुद्धा शब्दांत येतं. थांबलं की अंतर वाढतं, कमी होत नाही.

आता आहे त्या शाळेचं. मॅडमनी दोनच पर्याय दिले, पण तिसरा आहे, तो म्हणजे इथेच राहून आधार देणं, आणि तो तुम्ही मागायचाय. लेखी मागा. भेटीची वेळ घेऊन दोघं जा, मिस्टरांना घेऊनच जा, आणि रिपोर्टच्या शेवटी शिफारशी लिहिलेल्या असतात त्या पानावर खुणा करून न्या. काय मागायचं? जास्तीचा वेळ, प्रश्न वाचून दाखवणारं कोणी, फळ्यावरून उतरवण्याऐवजी नोट्सची झेरॉक्स, विज्ञानाच्या पेपरात स्पेलिंगचे मार्क कापायचे नाहीत, काही उत्तरं तोंडी घ्यायची. डिसग्राफिया आहे म्हणून लिहिणं कमी आणि हळूहळू टायपिंग शिकवणं, पुढे त्याचा खूप उपयोग होतो. कोणी म्हणेल हे बाकीच्यांवर अन्याय नाही का, तर त्यांना सांगा, चष्मा लागलेल्या मुलाला पेपर लिहिताना चष्मा काढून ठेव असं आपण म्हणत नाही.

पण एका बाबतीत सावध राहा. सवलती दोन प्रकारच्या असतात आणि शाळा त्या बऱ्याचदा एकत्र करून टाकते. एक म्हणजे अभ्यास तोच, फक्त दाखवायची रीत वेगळी, जसं जास्तीचा वेळ, लेखनिक, तोंडी उत्तर. या बिनधास्त घ्या. दुसरी म्हणजे अभ्यासच कमी करणं, एखादी भाषा सोडणं, गणित खालच्या पातळीचं घेणं. काही मुलांना तीही लागते, पण त्याने पुढे काही दारं बंद होऊ शकतात, म्हणून चौथीत घाईने सही करू नका. तुमच्या बोर्डाचे नियम काय, कुठलं सर्टिफिकेट कोणाकडून आणि कधी लागतं, ते परत किती वर्षांनी काढावं लागतं, हे बोर्डाच्याच कागदावरून बघा, दुसऱ्या पालकाच्या सांगण्यावरून नको.

आणि त्याच मीटिंगमध्ये एक लेखी प्लॅन मागा. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यापासून अशा प्रत्येक मुलाचा आयईपी म्हणजे त्याच्या एकट्यासाठीचा लेखी आराखडा करणं बंधनकारक झालं, आणि आता हा शब्द सगळीकडेच वापरतात, पण बऱ्याच ठिकाणी तो नुसता फाईलला लावायचा कागद असतो. 'वाचन कौशल्य सुधारेल', 'लक्ष वाढेल' असं लिहिलं असेल तर तो कागद काही कामाचा नाही. 'दहा आठवड्यांत दोन व्यंजनं जोडून येणारे न पाहिलेले ५० शब्द फोडून वाचेल, त्यातले ४५ बरोबर, आठवड्यातून चार वेळा अर्धा तास, शिकवणार अमुक टीचर, तपासणी अमुक तारखेला' असं हवं. एवढं कोणी लिहून दिलं तर दहा आठवड्यांनी भांडायची गरजच उरत नाही, कागद समोर ठेवायचा, झालं की पुढचं, नाही झालं तर काय बदलायचं ते ठरवायचं.

म्हणून माझ्या मते आत्ता लगेच शाळा बदलू नका. आधी शाळेत किंवा बाहेर नीट शिकवणारा स्पेशल एज्युकेटर शोधून रोजचं वाचन सुरू करा, शाळेकडून सवलती मागा, आणि एक टर्म द्या. त्या टर्ममध्ये बाकीच्या दोन्ही शाळा बघून ठेवा. टर्मनंतर तुमच्या त्या पंधरा दिवसांच्या कागदांवरचे आकडे वाढले नसतील किंवा शाळेने काहीच दिलं नसेल तर बदला, तेव्हा तुम्हाला काय मागायचं ते नेमकं माहीत असेल. याला एकच अपवाद. त्याचं पोट का दुखतं ते नीट विचारा, वाचनाची भीती आहे का वर्गात कोणी हसतं, टोमणे मारतं, उभं करून ठेवतं. तसं असेल आणि शाळेला सांगूनही ते थांबत नसेल तर टर्म संपायची वाट बघू नका, बाहेर काढा.

त्याला सांगायचं का? हो, सांगाच. मुलांना आपल्यात काहीतरी वेगळं आहे हे केव्हाच कळलेलं असतं, फक्त नाव माहीत नसतं म्हणून ती स्वतःच नाव देतात, आणि ते नाव 'ढ' असतं. असं काहीसं सांगा, 'तुझं डोकं मस्त चालतं, तुला ग्रहण किती छान सांगता येतं. फक्त अक्षरं आणि आवाज यांची जोडी लावायला तुला जास्त वेळ आणि वेगळी पद्धत लागते. याला डिस्लेक्सिया म्हणतात, खूप मुलांना असतो, आणि ही पद्धत शिकवणारी एक टीचर आपण शोधलीय.' एवढंच. तो रडला तर रडू द्या, पटकन समजूत घालायला जाऊ नका. आणि शोधलेल्या टीचरकडे पहिल्या दिवसानंतर त्याला विचारा की कसं वाटलं. त्याचं मत मोजा, शिकायचं त्याला आहे.

तुमच्या झोपेबद्दल. आई म्हणून तुम्ही ज्या गोष्टी नेमक्या हेरल्यात, पोटदुखी, तोंडी आणि लेखीतला फरक, ते हेरून तुम्ही वेळेत असेसमेंट केलंत. साडेनऊ हे वय अजिबात उशिराचं नाही. संध्याकाळी अभ्यासाचं तुम्ही घेत असाल आणि रोज रडारड होत असेल तर वाचन शिकवायचं काम काही दिवस तुमच्याकडून काढून टीचरकडे द्या. त्याला घरी आई हवी, अजून एक शाळा नको.

राहिला तो रंगीत चष्मा. डोळ्यांच्या डॉक्टरकडून नजर आणि कानाच्या डॉक्टरकडून ऐकणं तपासलं नसेल तर ते करून घ्याच, नंबर असेल तर साधा चष्मा लावा. पण रंगीत काचा आणि डोळ्यांच्या व्यायामाने डिस्लेक्सिया सुधारतो याला आधार नाही, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्रितपणे हे जाहीर केलंय, कारण अडचण डोळ्यात नाही, आवाज आणि अक्षर जोडण्यात आहे. त्या पॅकेजमध्ये सहा महिने जातील आणि तेच सहा महिने वाचनाला हवेत. ॲडव्हान्स भरू नका, आजच फोन करून नाही म्हणून सांगा. 'आज बुक केलं तर डिस्काउंट' म्हणाले तरी नाहीच म्हणा, आणि त्याच हाताने शाळेला मीटिंगचा मेल टाका, रिपोर्टची कॉपी जोडून.